पद्मिनीची चाल सुधारताना
जुन्या मोटारीच्या सस्पेन्शनमध्ये बदल करण्यापूर्वी काय तपासावे, काय बदलावे आणि कशाला हात लावू नये

ऑक्टोबर २००३ मध्ये नोंदल्या गेलेल्या अखेरच्या पद्मिनी टॅक्सीची वीस वर्षांची मुदत ३० ऑक्टोबर २०२३ रोजी संपली आणि मुंबईच्या रस्त्यांवरून ही ‘काळी-पिवळी’ अधिकृतपणे निवृत्त झाली. टॅक्सी गेली, तरी गाडी मात्र गेली नाही. मुंबई, पुणे, नाशिक, कोल्हापूर अशा अनेक शहरांत खासगी पद्मिनी आजही जपल्या जात आहेत. कुणाकडे ती वडिलांची आठवण म्हणून आहे, तर कुणी ती हौसेने विकत घेतली आहे. इंजिन दुरुस्त होते, रंग नवा होतो, आसनांना नवे कापड चढते. एवढे सारे झाल्यावर गाडी रस्त्यावर येते आणि पहिल्याच गतिरोधकावर मालकाचा हिरमोड होतो. गाडी आपटते, वळणावर झोल खाते, ब्रेक दाबताच नाक खाली घालते आणि सरळ रस्त्यावरही स्टिअरिंग सतत सावरावे लागते.

अशा वेळी सर्वांना सुचणारा उपाय एकच असतो. ‘रचनाच जुनी आहे, तेव्हा जरा कडक स्प्रिंगा आणि भारी शॉकअप बसवून टाका.’ हा सल्ला जितका सोपा, तितकाच घातक ठरू शकतो. कारण पद्मिनीची वाईट चाल हा बहुतेक वेळा तिच्या रचनेचा दोष नसतो. तो तिच्या वयाचा परिणाम असतो. हा फरक लक्षात न घेता केलेली सुधारणा गाडीच्या सांगाड्यावर बेतते.

रचना जुनी, पण विचारपूर्वक केलेली

पद्मिनीचे मूळ इटलीतील फियाट ११०० या मोटारीत आहे. तिची ‘१०३’ ही आवृत्ती १९५३ मध्ये जिनिव्हाच्या मोटार प्रदर्शनात मांडली गेली. वालचंद हिराचंद यांनी स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात तिचीच पुढची पिढी तयार होऊ लागली. १९७० च्या दशकात तिला ‘पद्मिनी’ हे नाव मिळाले आणि २००० च्या सुमारास तिचे उत्पादन थांबले.

या गाडीला वेगळी चासी नाही. पत्र्याची बॉडी हाच तिचा सांगाडा. पुढची दोन्ही चाके स्वतंत्र आहेत. वर-खाली बसवलेले दोन बाहू, गुंडाळीची स्प्रिंग आणि नळीच्या आकाराचा शॉकअप अशी प्रत्येक चाकाची व्यवस्था. मागे मात्र दोन्ही चाकांना जोडणारा अखंड अॅक्सल असून तो पोलादी पाट्यांच्या कमानींवर तोललेला असतो. त्या काळातील लहान कुटुंबाच्या मोटारीसाठी ही रचना उत्तम होती. पुढे मऊपणा आणि नेमकेपणा, मागे साधेपणा आणि भार वाहण्याची ताकद, अशी ही वाटणी. मुंबईच्या टॅक्सीचालकांनी पाच-सहा माणसे आणि टपावर सामान घेऊन हीच रचना अनेक वर्षे राबवली, हा तिच्या टिकाऊपणाचा पुरावा होय.

स्प्रिंग आणि शॉकअप : कामाची वाटणी

सुधारणेचा विचार करण्यापूर्वी सस्पेन्शनमध्ये कोण काय करते, हे समजून घेणे आवश्यक आहे. ‘शॉक अॅब्सॉर्बर’ हे नाव मुळात दिशाभूल करणारे आहे. रस्त्याचा धक्का झेलते ती स्प्रिंग किंवा कमान. ती दबते आणि धक्क्याची ऊर्जा साठवून ठेवते. ही ऊर्जा परत मिळते तेव्हा गाडी उसळते. ही उसळी शमवण्याचे काम शॉकअपचे. त्याच्या आतील तेल बारीक झडपांमधून ढकलले जाते आणि गतीचे रूपांतर उष्णतेत होते. म्हणूनच लांबच्या खराब रस्त्यावरून आल्यावर शॉकअप हाताला गरम लागतो.

स्प्रिंग किती मऊ असावी, याचे गणित अवघड नाही. गाडीच्या भाराने स्प्रिंग पंधरा सेंटिमीटर दबत असेल, तर गाडी सेकंदाला सुमारे १.३ हेलकावे घेते. दहाच सेंटिमीटर दबत असेल, तर हा आकडा १.६ च्या आसपास जातो. सेकंदाला एक ते दीड हेलकावा ही गती माणसाच्या चालण्याच्या लयीशी जुळणारी असल्याने शरीराला ती सुसह्य वाटते. स्प्रिंग जसजशी कडक होते, तसतशी ही लय वाढते आणि प्रवास त्रासदायक होतो. बसलेल्या माणसाला सर्वाधिक जाचक ठरणारी उभी थरथर सेकंदाला चार ते आठ कंपनांच्या दरम्यानची असते. शॉकअप अतिकडक झाले किंवा पाटे गंजून जखडले, की नेमकी हीच थरथर आसनापर्यंत पोहोचू लागते.

मॉरिस ऑली या अभियंत्याने १९३० च्या दशकात अमेरिकेत कॅडिलॅक मोटारींवर काम करताना आणखी एक गोष्ट दाखवून दिली. उंचवट्यावर पुढचे चाक आधी चढते, मागचे नंतर. त्यामुळे पुढची बाजू मागच्यापेक्षा थोडी मऊ असली, तर मागची बाजू पुढच्या हेलकाव्याला गाठते आणि गाडी नावेसारखी डुलत न राहता लवकर स्थिरावते. केवळ पुढच्या स्प्रिंगा कडक केल्या तर हा समतोल बिघडतो. सस्पेन्शनचा एखादा भाग एकटा सुधारता येत नाही, याचे हे पहिले उदाहरण.

आधी निदान, मग उपचार

तपासणीची सुरुवात टेपने करावी. सपाट जागी गाडी उभी करून प्रत्येक चाकाच्या मध्यापासून वरच्या मडगार्डच्या कडेपर्यंतचे अंतर मोजावे. डाव्या-उजव्या बाजूंत सेंटिमीटरभराहून अधिक फरक असेल, तर स्प्रिंग किंवा पाटा बसला आहे असे समजावे. बहुधा चालकाकडील बाजू अधिक खाली गेलेली आढळते, कारण अनेक वर्षे एकट्या चालकाचा भार तिनेच सोसलेला असतो.

दुसरी चाचणी सर्वांच्या परिचयाची आहे. गाडीचा एक कोपरा जोराने दाबून सोडायचा. वर येऊन एखादा हेलकावा घेत ती थांबली, तर शॉकअप ठीक. डुलत राहिली, तर निकामी. पुढच्या बाजूला ही चाचणी बरीच विश्वासार्ह असते. मागे मात्र ती फसवी ठरते. कमानीचे पाटे एकमेकांवर घासतात आणि ते घर्षणही हेलकावे थांबवते. पाटे गंजलेले असतील, तर शॉकअप पूर्ण मेलेला असूनही गाडी हलत नाही आणि ‘मागचे उत्तम आहे’ असा गैरसमज होतो. मागचा शॉकअप काढून, उभा धरून, हाताने ताणून आणि दाबून पाहिल्याखेरीज त्याची खरी अवस्था कळत नाही. ताणताना तो सलग, एकसारखा विरोध करीत असेल तर त्याच्यात जीव आहे. मध्येच पोकळ लागत असेल किंवा अंगावर तेल ओघळलेले दिसत असेल, तर तो बदलावा.

तिसरी तपासणी सर्वांत महत्त्वाची आणि सर्वाधिक दुर्लक्षित. ती म्हणजे पत्र्याची. कमानींची टोके जिथे बॉडीला जोडलेली असतात त्या जागा, शॉकअपच्या वरच्या बैठका आणि पुढच्या बाहूंच्या आधाराचा भाग टोकदार हत्याराने टोचून पाहावा. समुद्राकाठच्या दमट हवेत नेमक्या याच जागी गंज धरतो. वरून रंगाचा चकचकीत थर आणि आत पापुद्रे, अशी अवस्था असताना त्यावर नवे सस्पेन्शन बसवणे म्हणजे वाळवी लागलेल्या चौकटीला नवे दार लावणे. वेगळी चासी नसल्याने पद्मिनीत हा धोका अधिक आहे. धक्क्याचा सारा जोर शेवटी याच पत्र्यावर येतो.

रबर : स्वस्त, पण निर्णायक

निदानानंतर पहिला खर्च रबरी बुशांवर करावा. बाहूंच्या सांध्यांत, कमानीच्या डोळ्यांत, तिच्या मागच्या टोकाच्या शॅकलमध्ये आणि शॉकअपच्या दोन्ही टोकांना रबर असते. वीस-तीस वर्षांत ते कडक होऊन तडकते. मग चाक जागच्या जागी हलते, खडखडाट होतो आणि गाडी वळणावर बेभरवशाची वाटते. ज्या गाड्यांना ‘नवे सस्पेन्शन हवे’ असे सांगितले जाते, त्यांतील अनेक गाड्या नव्या बुशांनीच निम्म्याहून अधिक सुधारतात.

बसवताना एक पथ्य पाळावे लागते. बाहूंच्या रबरी बुशांचे बोल्ट गाडी जॅकवर असताना पूर्ण आवळू नयेत. चाके जमिनीवर टेकून गाडीचा भार आल्यावरच ते अखेरचे आवळावेत. लोंबकळत्या अवस्थेत आवळलेले रबर गाडी खाली घेताच पिळले जाते, कायम तणावात राहते आणि काही महिन्यांत फाटते. घाईच्या गॅरेजात हीच चूक सर्रास होते.

रबराऐवजी पॉलियुरेथेनचे बुश बसवण्याची टूम अलीकडे रूढ झाली आहे. ते अधिक टिकतात आणि स्टिअरिंगचा प्रतिसाद नेमका करतात, हे खरे. परंतु रबर जी बारीक थरथर गिळते, ती हे बुश बॉडीकडे पोहोचवतात. शर्यतीच्या गाडीला ते चालते. पन्नाशीकडे झुकलेल्या पत्र्याला चालेलच असे नाही.

पाट्यांचे शास्त्र

मागच्या कमानींबाबत सर्वांत जास्त गैरसमज आढळतात. गाडी मागे बसली, की एक पाटा वाढवायचा हा जुना रिवाज. पाच पाट्यांच्या संचात तेवढ्याच जाडीचा सहावा पाटा घातला, तर कडकपणा साधारण वीस टक्क्यांनी वाढतो. पाट्याची जाडी वाढवली, तर परिणाम याहून तीव्र होतो. कारण कडकपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात बदलतो. सहा मिलिमीटरच्या जागी सात मिलिमीटरचा पाटा वापरला, की तोच पाटा दीडपटीहून अधिक कडक होतो. एका मिलिमीटरचा हा हिशेब लक्षात न घेतल्यानेच अनेक गाड्या मागून बैलगाडीसारख्या उडतात.

सीएनजीवर चालवलेल्या गाड्यांत ही गोष्ट विशेष तपासावी. डिकीतील पोलादी टाकीचा भार पेलण्यासाठी पाटे वाढवले जात. पुढे टाकी निघते, पण वाढवलेला पाटा तसाच राहतो. अशा गाडीची सुधारणा म्हणजे काही नवे बसवणे नव्हे, तर जादा पाटा काढून टाकणे.

बसलेल्या पाट्यांची कमान हातोड्याने ठोकून पुन्हा वाकवण्याचे काम अनेक ठिकाणी होते. त्याचा लाभ बहुधा तात्पुरता असतो. भट्टीत तापवून वाकवलेला पाटा पुन्हा शास्त्रशुद्ध रीतीने पाणी देऊन आणि मुरवून घेतला नाही, तर त्याचे स्प्रिंगपणच नष्ट होते. तो एक तर लवकर बसतो किंवा अचानक तुटतो. पाटे सुटे करून, गंज खरवडून, झिजलेल्या टोकांची धार घासून आणि दोन पाट्यांमध्ये नायलॉनची पट्टी किंवा ग्रेफाइटयुक्त ग्रीस घालून जोडलेला मूळ संच हीच खरी सुधारणा होय. घर्षण घटले की कमान बारीक धक्केही झेलू लागते. मात्र मग शमनाचा सारा भार शॉकअपवर येतो. म्हणून पाटे मोकळे केल्यावर जुना शॉकअप ठेवणे योग्य नव्हे. अॅक्सल धरून ठेवणारे यू-बोल्ट नवे घालावेत आणि काही दिवस गाडी चालवल्यावर पुन्हा आवळावेत.

पुढची बाजू आणि कापाकापी

गाडी खाली झुकलेली दिसावी म्हणून पुढच्या स्प्रिंगचा एखादा वेढा कापण्याची फॅशन नवी नाही. आठ कार्यरत वेढ्यांतील एक कापला, तर स्प्रिंग सुमारे चौदा टक्क्यांनी कडक होते. त्याच वेळी तिला दबायला मिळणारी जागा मात्र कमी होते. म्हणजे जिथे चाक पूर्वी खड्डा झेलून घेत होते, तिथे आता बाहू रबरी अडथळ्यावर आदळतो आणि धक्का थेट बॉडीत जातो. शिवाय बाहूंचा मूळ कोन बदलल्याने चाकांचा कल बिघडतो आणि खड्ड्यात चाक वर-खाली होताना ते स्वतःहून किंचित वळू लागते. रात्रीच्या वेळी महामार्गावर ही खोड जिवावर बेतू शकते.

जाड तारेच्या स्प्रिंगचीही तीच गत. इतर मापे तीच ठेवून बारा मिलिमीटरऐवजी तेरा मिलिमीटरची तार वापरली, तर कडकपणा सुमारे ३८ टक्क्यांनी वाढतो. म्हणून स्प्रिंगा बदलायच्याच असतील, तर मूळ मापाच्या आणि जोडीने बदलाव्यात.

पुढच्या चाकांचा खरा शत्रू आहे किंगपिनची झीज. जॅकवर चाक उचलून, वर-खाली धरून हलवल्यास खेळ जाणवतो. त्यातील किती खेळ किंगपिनचा आणि किती चाकाच्या बेअरिंगचा, हे ब्रेक दाबून पुन्हा हलवल्यावर कळते. ब्रेक दाबताच खेळ थांबला, तर दोष बेअरिंगचा. किंगपिनला नियमित ग्रीस न मिळाल्याने ही झीज होते आणि ती असेपर्यंत कितीही अलाइनमेंट केले, तरी ते टिकत नाही.

शॉकअपची निवड

दुसऱ्या एखाद्या गाडीचे शॉकअप ‘बसतात’ म्हणून लावणे ही आपल्याकडील नेहमीची युक्ती. परंतु बसणे आणि जुळणे यांत अंतर आहे. चाक पूर्ण खाली लोंबते तेव्हा शॉकअप ताणून अडकता कामा नये आणि चाक पूर्ण वर येते तेव्हा रबरी अडथळा टेकण्याआधी त्याचा दांडा तळाला लागता कामा नये. ही दोन मापे प्रत्यक्ष घ्यावीत. त्याहून महत्त्वाचे म्हणजे आतील झडपा. जड गाडीसाठी बनवलेला शॉकअप हलक्या पद्मिनीत चाकाला रस्त्यावर परतूच देत नाही. लागोपाठच्या खड्ड्यांत चाक हळूहळू वरच अडकत जाते आणि हवेत तरंगणाऱ्या चाकाला ना ब्रेक लागतो, ना दिशा मिळते.

वायूचा दाब असलेले शॉकअप ही मात्र अर्थपूर्ण सुधारणा ठरू शकते. साध्या शॉकअपमध्ये सततच्या हालचालीने तेलात फेस होतो आणि शमन ढिले पडते. वायूच्या दाबामुळे हा फेस रोखला जातो. ही कल्पना १९५० च्या दशकातच युरोपीय मोटारींमध्ये आली. मूळ मापाचा, योग्य झडपांचा असा शॉकअप मिळत असेल, तर गाडीचे रूप न बदलता चाल सुधारते आणि पुढे कधी वाटल्यास तो काढून मूळचा बसवताही येतो. पुन्हा मागे फिरता येईल असा बदल, हा जुन्या गाडीच्या सुधारणेचा सर्वांत चांगला निकष आहे.

टायरही सस्पेन्शनचाच भाग समजावा. क्रॉस-प्लायऐवजी योग्य मापाचे रेडियल टायर घातल्यास पकड सुधारते. मात्र दोन्ही प्रकार एकाच गाडीत मिसळू नयेत. रुंद आणि जड चाकांचा मोह टाळावा. चाकाचे वजन वाढले, की तेच सस्पेन्शन त्याला आवरू शकत नाही.

कायद्याची चौकट

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार निर्मात्याने दिलेल्या मूळ तपशिलाशी नोंदणी प्रमाणपत्रातील नोंदी विसंगत ठरतील असा बदल वाहनात करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मधील निकालात ही भूमिका स्पष्ट केली. झिजलेला भाग त्याच प्रकारच्या नव्या भागाने बदलणे ही दुरुस्ती होय. बॉडी कापून दुसऱ्या गाडीचा अॅक्सल किंवा संपूर्ण पुढचा सांगाडा जोडणे ही मात्र निराळी गोष्ट. अशा बदलाने गाडीचे पासिंग आणि विमा दोन्ही अडचणीत येऊ शकतात.

यात आणखी एक मुद्दा आहे. केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये ‘व्हिंटेज’ वाहनांसाठी स्वतंत्र नियम अधिसूचित केले. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षांहून अधिक काळ लोटलेल्या आणि मूळ स्वरूपात जपलेल्या, चासी, बॉडी वा इंजिनात मोठा फेरफार न झालेल्या दुचाकी व चारचाकींना त्यात वेगळी नोंदणी मिळते. १९७० च्या दशकातील पद्मिनी आता या उंबरठ्यावर पोहोचू लागल्या आहेत. आज हौसेपोटी केलेली एखादी कापाकापी उद्या ही ओळख हिरावून घेऊ शकते.

कामाचा क्रम

– आधी पत्रा आणि जोडणीच्या जागा तपासून गंजलेला भाग दुरुस्त करावा.
– चारही कोपऱ्यांची उंची मोजून लिहून ठेवावी.
– बुश, किंगपिन, चाकाचे बेअरिंग यांतील खेळ काढावा.
– पाटे स्वच्छ करावेत. स्प्रिंगा आणि शॉकअप नेहमी जोडीने बदलावेत.
– टायर बसवल्यावर, सर्वांत शेवटी अलाइनमेंट करावे.
– एका वेळी एकच बदल करून ओळखीच्या रस्त्यावर गाडी चालवून पाहावी.

हा क्रम कंटाळवाणा वाटेल. परंतु तो पूर्ण होईपर्यंत बहुतेक मालकांच्या लक्षात येते, की कडक स्प्रिंगांची गरजच उरलेली नाही. पद्मिनी आजच्या गाड्यांसारखी धावणार नाही आणि तिच्याकडून तशी अपेक्षाही करू नये. पण खड्ड्यातून मऊपणे उतरणारी, वळणावर किंचित झुकून पुन्हा सावरणारी आणि ब्रेक दाबताच सरळ थांबणारी पद्मिनी ही काही कल्पना नव्हे. कुर्ल्याच्या कारखान्यातून बाहेर पडताना ती तशीच होती. सुधारणेचे पहिले काम तिला तिथवर परत नेण्याचे आहे.